पाऊस लागायच्या आत मुलांची खेळणी कशी आवरावीत

वळवाचे दोन पाऊस झाले की बेळगावात घरोघरी पापड-सांडगे डब्यांत भरायची घाई सुरू होते. खेळणीही त्याच आठवड्यात आवरायला घ्या. मृगाचा पाऊस एकदा लागला की कापडी बाहुली वाळायला ऊन मिळत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर भिंतीसुद्धा ओल धरतात. बंद पेटीत कोंबलेली खेळणी दसऱ्याला बाहेर काढावीत, तर त्यांना कुबट वास, लाकडावर पांढरी बुरशी आणि गाडीत पाझरलेले सेल.

आधी सगळी खेळणी एका चादरीवर ओता. सगळी म्हणजे पलंगाखालची, दप्तरातली, स्वयंपाकघरात पळवलेल्या वाट्या-चमचेसुद्धा. मुलाला शेजारी बसवा आणि ढीग करा: रोज लागणारी, कधीमधी लागणारी, जपून ठेवायची, दुसऱ्याला द्यायची. मोडक्यांचा ढीग मात्र मुलाला विचारल्याशिवाय उचलू नका. मी एकदा मागचं चाक गेलेला ट्रॅक्टर कचऱ्यात टाकला. मुलगा तीन दिवस तो शोधत होता. खराट्याच्या काड्यांचा ऊस भरून तो ट्रॅक्टर रोज कारखान्याला जायचा आणि चाक नसल्यामुळे वाटेत रुतायचा. खेळ तोच होता, आणि तो मला दिसला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे मोडक्या खेळण्यांची वेगळी पिशवी आहे. महिनाभर तिच्यातलं काही कुणी मागितलं नाही, तरच ते जातं.

ढीग करतानाच लहानसहान वस्तू वेगळ्या काढा. घरात ३ वर्षांखालचं मूल असेल तर मणी, गोट्या, बाहुलीचे बूट, ठोकळ्यांचे बारीक तुकडे त्याच्या हाताला लागता कामा नयेत. ही खेळणी थोरल्याची असली तरी झाकणाच्या डब्यात आणि उंचावर ठेवा. सगळ्यांत जास्त जपायचं ते बटणासारख्या चपट्या सेलला. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी वाट न बघता थेट दवाखाना गाठा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरात ठेवूच नये, असं माझं मत आहे. नवीन घेताना आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांना सक्तीची आहे. हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर ती दिसली नाही तर लगेच घाबरू नका.

मग धुणं. प्लॅस्टिकची खेळणी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा. अंघोळीच्या वेळची रबरी बदकं दाबून आतलं पाणी काढा. काळं पाणी आलं तर आत बुरशी आहे, ते बदक टाकून द्या. कापडी खेळणी उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून मशिनला लावा आणि आतला कापूस वाळेपर्यंत दोन दिवस उन्हात ठेवा. गोकाकची लाकडी फळं, सावंतवाडीची भातुकली यांना पाण्यात बुडवू नका, रंग सुटतो. ओलं फडकं घट्ट पिळून पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. एरवी न लागणाऱ्या खेळण्यांतले सेल काढून ठेवा.

आता जागा. खेळण्याची जागा मुलाच्या खांद्याच्या वर नको. त्याला स्वतःला काढता आलं तरच ते स्वतः परत ठेवेल. आमच्याकडे दोन खणांचं बुटकं कपाट आहे, भिंतीला एल-पट्टीने पक्कं केलेलं. मुलं खणावर पाय देऊन चढतात, म्हणून ही पट्टी हवीच. खणांत बुट्ट्या. बांबूची बुट्टी दिसायला छान, पण काठाच्या काड्या बोटांत घुसतात आणि पावसात ती काळी पडते. मी भाजीवाल्याकडून टोमॅटोचे जुने क्रेट आणले. भोकं असल्यामुळे वारा लागतो, धुता येतात. पत्र्याची ट्रंक मुलांच्या खोलीत नको. झाकण बोटांवर पडतं, आणि लपाछपीत मूल आत बसलं तर जिवावर बेतू शकतं.

प्रत्येक क्रेटवर नाव लिहिण्याऐवजी चित्र चिकटवा. आमच्या गल्लीत खेळायला येणारी निम्मी मुलं कन्नड बोलतात, धाकटीला तर अजून अक्षरच येत नाही. बैलाचं चित्र सगळ्यांना कळतं.

खाली एका वेळी चारच क्रेट ठेवा. बाकीचे कपाटावर, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. विसरलेली गाडी खाली उतरली की ती नव्यासारखी खेळली जाते.

आता जपून ठेवायची खेळणी. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदराचे मातीचे बैल घरी येतात, नेमके पाऊस सुरू होताना. ते बहुधा कच्च्या मातीचे असतात. पूजा झाली की मुलं ते खेळायला घेतात, आणि ओल्या हाताने शिंगं आधी मऊ पडतात, मग गळतात. म्हणून पूजेनंतर दोन दिवस ते चुलीजवळ किंवा पंख्याखाली ठेवा. पुढे ठेवून द्यायचे असतील तर जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, खाली-वर भाताचं तूस घालून डब्यात उभे करा. तूसही उन्हात तापवलेलं हवं, नाहीतर किडे होतात.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मात्र मी एका वर्षी किल्ला मोडल्या दिवशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून माळ्यावर टाकले. पायांना किल्ल्याची ओली माती तशीच होती. पुढच्या दिवाळीला पिशवी उघडली तर घोडेस्वार घोड्यापासून सुटले होते आणि महाराजांच्या सिंहासनाचा रंग पिशवीला चिकटला होता. मुलगी रडली नाही, नुसती पिशवीकडे बघत राहिली. आता पाय कोरड्या ब्रशने झाडून, आठ दिवस वाळवून मगच मावळे ठेवते. ३० अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, एका खळग्यात एक मावळा, वर दुसरा ट्रे उलटा, भोवती सुतळी. घोडेस्वार आणि तोफा कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात. डांबराच्या गोळ्या टाकू नका, मुलं गोळी समजून तोंडात घालतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो. डब्यावर वर्ष लिहा आणि नवरात्रात एकदा उघडून बघा, म्हणजे तुटलेला भाला चिकटवायला हातात वेळ राहतो.