पुरुषांच्या वंशपरंपरागत टकलावर उपचार: सुरुवात कोठून आणि कशी करावी

कटिंग झाल्यावर न्हावी डोक्यामागे आरसा धरतो, आणि भोवऱ्याभोवतीची कातडी दिव्याखाली चमकताना दिसते. सांगलीच्या विश्रामबागेत असो की साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, बहुतेकांना आपल्या टकलाची वर्दी अशीच मिळते, आणि त्याच खुर्चीत कोणते तरी तेलही सुचवले जाते. ते विकत घेण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिले काम म्हणजे हे टक्कल वंशपरंपरागतच आहे ना, याची खात्री करून घेणे. या प्रकारात कपाळाचे दोन्ही कोपरे हळूहळू मागे सरकतात, भोवरा विरळ होतो, परंतु कानांच्या वरचे आणि मानेकडचे केस शाबूत राहतात. डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळू लागले असतील, तर ते सर्व डोक्यावरून गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला असेल तर ती चाई होय, आणि तिचा उपचार निराळा. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविकच आहे. बोअरच्या पाण्याने केस राठ होतात, पण त्याने कपाळ मागे सरकत नाही; हेल्मेटलाही उगाच दोष दिला जातो. टक्कल केवळ मामाकडून येते हा समजही अपुरा आहे, कारण वडिलांकडची जनुकेही त्यात भाग घेतात. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा डोके दाखवावे. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव जवळ असताना हे काम पुढे ढकलण्याचे कारण नाही.

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचे संप्रेरक बनते, आणि ज्यांची केशमुळे त्याला जन्मतः हळवी असतात त्यांच्यात ती हळूहळू आक्रसत जातात, त्यामुळे केस झडून पुन्हा उगवण्याच्या दर फेरीला येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड निघतो. म्हणून औषधाचे मुख्य काम आहेत ते केस राखणे हे आहे. गुळगुळीत झालेल्या जागी औषधाने नवे रान उगवत नाही.

उपचार सुरू करण्याच्या दिवशी कोरड्या केसांचे तीन फोटो काढावेत: समोरून, वरून आणि भोवऱ्याचा. पुढे दर महिन्याला त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच जागी उभे राहून ते पुन्हा काढावेत. आरशावर विश्वास ठेवू नये, कारण रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध; गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि त्यातूनच 1988 साली अमेरिकेत त्याच्या लोशनला मान्यता मिळाली. पुरुषांसाठी 5 टक्क्यांचे लोशन सकाळी व रात्री एक-एक मिलिलिटर लावतात, म्हणजे 60 मिलिलिटरची बाटली महिनाभर पुरते. चूक होते ती लावण्यात. डोके पूर्ण कोरडे हवे. कंगव्याने भांग पाडून ड्रॉपरचे टोक कातडीजवळ न्यावे, थेंब केसांवर नव्हे तर कातडीवर सोडावेत, बोटाच्या टोकाने हलके पसरावेत आणि लगेच हात धुवावेत. चार तास डोके भिजवू नये, आणि रात्रीचे लोशन उशीला लागण्याआधी वाळू द्यावे. घरात मांजर असेल तर विशेष जपावे, कारण हे औषध मांजरांना घातक आहे. पहिल्या दोन महिन्यांत अनेकांचे केस उलट अधिक गळतात. मी स्वतः सहाव्या आठवड्यात घाबरून बाटली मोरीत ओतली होती, आणि वर्षभराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ही गळती जुने केस झडून नव्यांना वाट मिळत असल्याची असते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि लावणे सोडले की मिळालेले काही महिन्यांत जाते. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी डीएचटी बनण्यालाच आळा घालते. टकलासाठी तिला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली, आणि माझ्या मते गळती रोखण्यात ती लोशनपेक्षा सरस आहे, पण ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते किंवा लिंगाच्या ताठरतेत अडचण येते. मन खचल्यासारखे वाटू लागले तरी डॉक्टरांना लगेच सांगावे. गोळीमुळे प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीच्या वेळी तिचा उल्लेख करावा. फुटलेल्या गोळीला गर्भवती स्त्रीने हात लावू नये, आणि गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात जायचे असेल तर गोळी थांबवून किमान एक महिना झालेला असावा.

पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाची) इंजेक्शने आणि लेझरची टोपी यांचा काहींना थोडा उपयोग होतो, पण खर्चाच्या मानाने ते औषधांच्या मागेच राहतात. बायोटिन या ब-जीवनसत्त्वाची कमतरता नसताना त्याच्या गोळ्या घेऊन टक्कल थांबत नाही. उलट थायरॉइडच्या तपासणीचे आकडे मात्र चुकू शकतात.

हेअर ट्रान्सप्लांट सर्वांत शेवटी. मानेकडची केशमुळे दुसरीकडे लावली तरी आपला टिकाऊ स्वभाव सोडत नाहीत, या तत्त्वावर ते चालते. मात्र तिथला साठा मर्यादित असतो. विशीत कपाळाची रेघ खाली आणून घेतली आणि मागचे टक्कल वाढतच राहिले, तर पुढे केसांचे बेट आणि मागे माळरान असे विचित्र चित्र तयार होते, म्हणून गळती औषधाने थोपवल्यावरच हा विचार करावा. ग्राफ्ट, म्हणजे मानेकडची केशमुळे, कोण काढणार, कोण लावणार आणि डॉक्टर किती वेळ स्वतः उपस्थित राहणार, हे पैसे भरण्याआधी विचारावे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत झडतात, तीन-चार महिन्यांनी नवे फुटू लागतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष लागते. तेव्हा लग्न वैशाखात असेल तर शस्त्रक्रिया आदल्या वैशाखात उरकलेली असावी, माघात नव्हे.