३२ जीबीचा पेनड्राइव्ह, दिसतो चार एमबी? या चुका टाळा

उबंटू (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकण्यासाठी पेनड्राइव्ह बूटेबल केला, म्हणजे कॉम्प्युटर थेट त्यावरून सुरू होईल असा, काम झालं, फॉरमॅट मारला, आणि विंडोजमध्ये ३२ जीबीच्या जागी जेमतेम चार-पाच एमबी दिसतात. लोक लगेच ‘पेनड्राइव्ह गेला’ म्हणून नवा घ्यायला निघतात. पेनड्राइव्हला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं.

पहिली चूक म्हणजे पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारत बसणं. आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टिमची एका फाइलमधली प्रत) ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली की तिचं स्वतःचं पार्टिशन टेबलही (ड्राइव्हचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याचा नकाशा) सोबत येतं. त्यातलं विंडोजला वाचता येतं ते फक्त बूटसाठीचं इवलंसं ईएफआय पार्टिशन. तुम्ही राइट क्लिक करून फॉरमॅट करता ते तेवढंच. एक खोली झाडली म्हणून वाडा मोठा होत नाही. ‘क्विक’ची टिक काढून तासभर वाट पाहिलीत तरी उत्तर तेच, कारण मोडायला हवं ते टेबल.

ते मोडायला डिस्कपार्ट, म्हणजे कमांड टाइप करून डिस्क हाताळायचं विंडोजमधलंच साधन, पुरतं. ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि पुढे आपल्या पेनड्राइव्हचा नंबर, मग ‘क्लीन’. त्यानंतर ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक’, ‘असाइन’. दोन मिनिटांचं काम.

आणि इथेच दुसरी चूक होते, खरी महागडी. ओळखीच्या एका फोटोग्राफरने व्हिडिओत ‘सिलेक्ट डिस्क १’ पाहिलं आणि तसंच्या तसं टाइप केलं. त्याच्या मशीनवर डिस्क १ म्हणजे एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती, लग्नसराईच्या सगळ्या शूटसकट. विंडोज ज्या डिस्कवर चालू आहे तिला डिस्कपार्ट हात लावू देत नाही, पण बाकी कुठल्याही डिस्कबाबत ‘नक्की ना?’ असं विचारतसुद्धा नाही. एंटर दाबलं की संपलं. घाबरून त्याने तिथेच हात आवरला आणि फोन केला, म्हणून वाचला. ‘क्लीन’ने फक्त टेबल पुसलं जातं, आतला डेटा जागेवर राहतो. टेस्टडिस्क या रिकव्हरी प्रोग्रॅमने जुनं पार्टिशन शोधून परत लिहिलं. पुढच्या दोन कमांड मारल्या असत्या, तर फोटोरेक या दुसऱ्या रिकव्हरी प्रोग्रॅमने नावं नसलेल्या हजारो फाइली उपसत बसावं लागलं असतं.

मी ‘क्लीन’च्या आधी बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्क उपटून ठेवतो, ‘लिस्ट डिस्क’ नव्याने चालवतो आणि नंबराआधी साइझ वाचतो. काल दोन असलेला नंबर आज तीन असू शकतो. व्हिडिओ बघून घाईने टाइप करणाऱ्यांनी रुफसमध्ये (पेनड्राइव्ह बूटेबल करायचा प्रोग्रॅम) ‘नॉन बूटेबल’ निवडून स्टार्ट दाबावं. ड्राइव्हचं नाव मात्र तिथेही वाचायचंच.

‘क्लीन ऑल’ मारू नका. ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहीत बसतं, त्याने जागा जास्त मिळत नाही.

फॉरमॅट करताना एक्सफॅटऐवजी जुनं फॅट३२ ठेवलंत तर चार जीबीची एक फाइल मावणार नाही. मग ‘जागा आहे तरी कॉपी होत नाही’ म्हणून रडू नका.

मॅकवर डिस्क युटिलिटीत आधी ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडा, नाहीतर तिथेही फक्त आतलं पार्टिशनच हाती लागेल.

३२ जीबीवर साधारण २९ दिसले तर काही बिघडलेलं नाही. कंपनी १०० कोटी बाइटचा जीबी मोजते, विंडोज सुमारे १०७ कोटींचा. पण फुटपाथवर स्वस्तात मिळालेला ‘दोन टीबी’चा पेनड्राइव्ह काही जीबीनंतर फाइली खराब करत असेल, तर डिस्कपार्ट काय करणार? एच२टेस्टडब्ल्यू हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा, खरी साइझ समजेल.