गेट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर हातात आला, आता एम.टेक.चं काय?

आधी एक गोंधळ मिटवा. गुण १०० पैकी, स्कोअर १००० पैकी. कटऑफ बघताना स्कोअरच बघायचा. तो तीन वर्षं चालतो, त्यामुळे यंदा हुकलं तरी लगेच रडारड नको.

आयआयटींसाठी प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा, शिवाय कोॲपवर, म्हणजे ऑफर स्वीकारण्याच्या सामाईक पोर्टलवर, नोंदणी वेगळी. मी कोॲपवर नोंदणी करून निवांत बसलो, आवडत्या संस्थेचा अर्ज भरलाच नव्हता! ऑफर येणार कुठून? एनआयटींना सीसीएमटी, म्हणजे एम.टेक. प्रवेशाचं केंद्रीय समुपदेशन, तिथे पसंतीक्रम सढळ हाताने भरा.

कोॲपवर ऑफर आली की तीन पर्याय: पक्की करा, राखून थांबा, नाकारून थांबा. तिसऱ्यावर बोट ठेवण्याआधी चहा प्या. नाकारलेली जागा पुन्हा दारात येत नाही.