अमेरिकेत घरी डे-केअर चालवताय? ३१ डिसेंबरच्या आत टॅक्सची ही कामं उरकून टाका

डिसेंबर आला की सगळ्या पावत्यांच्या मागे लागतात, ड्रॉवर उपस, पर्स झटक, जुने ईमेल शोध. पावत्या लागतातच, पण घरच्या डे-केअरमध्ये टॅक्स खरा कमी होतो तो तासांच्या हिशोबामुळे, आणि नेमका तोच बहुतेकींकडे लिहिलेला नसतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एरवी घरातली जागा बिझनेसला दाखवायची तर ती खोली फक्त कामासाठीच वापरावी लागते. डे-केअरला यातून सूट आहे. दिवसा पोरं खेळतात त्याच हॉलमध्ये रात्री तुम्ही टीव्ही बघत बसलात तरी चालतं. अट एवढीच की राज्याचं लायसन्स हवं, किंवा अर्ज केलेला आणि न नाकारलेला हवा, किंवा तुमच्यासारख्या डे-केअरला तुमच्या राज्यात लायसन्स लागतच नसावं. पण खोली दोन्हीकडे वापरली जाते म्हणून टक्केवारी काढावी लागते, एक जागेची आणि एक वेळेची, आणि दोन्हींचा गुणाकार.

समजा घर १,८०० स्क्वेअर फूट, त्यातले १,२६० डे-केअरला रोजच्या रोज वापरात, म्हणजे ७०%. आता वेळ. पहिलं मूल आल्यापासून शेवटचं जाईपर्यंतचे तास वर्षाचे २,४०० झाले असं धरा. इथेच बरेच जण थांबतात. पण पोरं यायच्या आधी नाश्त्याची तयारी, गेल्यावर खेळणी पुसणं, लादी पुसणं, पालकांना मेसेज, पुढच्या आठवड्याच्या ॲक्टिव्हिटी ठरवणं, हिशोब लिहिणं हे सगळं घरात बसून केलेलं काम आहे, तेही मोजायचं. मुलं घरात असताना केलेला स्वयंपाक मात्र पुन्हा मोजायचा नाही, तो आधीच धरलाय, आणि दुकानात गेलेला वेळही नाही कारण तेव्हा घर वापरात नव्हतं. असे ३०० तास निघाले तर एकूण २,७००. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ३०.८%. ७०% गुणिले ३०.८%, झाले साधारण २१.६%. महिना २,४०० डॉलर भाडं असेल तर नुसत्या भाड्यापोटी वर्षाला ६,२०० च्या आसपास डॉलर उत्पन्नातून वजा होतात. वर वीज, गॅस, पाणी, घराचा इन्शुरन्स. आणि टॉयलेट पेपर, साबण, व्हॅक्युम असल्या घरात नि धंद्यात दोन्हीकडे चालणाऱ्या वस्तूंनाही हीच टक्केवारी लावता येते. फक्त डे-केअरसाठी घेतलेली खेळणी, रंग, वाइप्स हे मात्र पूर्ण १००%.

वर्षभर काहीच लिहिलं नसेल तर आत्ता हजेरीपत्रक आणि फोनमधले पालकांचे मेसेज समोर घेऊन कॅलेंडर भरा, आणि जानेवारीपासून रोजच्या रोज दोन ओळी लिहा.

घराचा खर्च काढायचा सोपी पद्धत म्हणून एक प्रकार आहे, स्क्वेअर फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० फूट. ऐकायला छान वाटतं, घराच्या खर्चाचा फॉर्म ८८२९ भरायची कटकटही वाचते. पण खोली दोन्हीकडे वापरात असेल तर त्या ५ डॉलरलाही वेळेची टक्केवारी लागते. वरच्याच उदाहरणात १,५०० चे होतात ४६२ डॉलर. कुठे ६,२०० आणि कुठे ४६२! टॅक्सवाल्याने घाईत हे टिक केलं असेल तर जरूर विचारा.

घर स्वतःचं असेल तर घसारा, म्हणजे डेप्रिसिएशन (घराच्या किमतीतला दरवर्षी खर्चात धरायचा वाटा), घ्याच. "नको बाई, घर विकताना त्रास होईल" असं सर्रास ऐकायला मिळतं. पण विकताना आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, तुम्ही घेतलेला किंवा घेता आला असता तो घसारा टॅक्ससाठी धरतंच, मग न घेऊन फायदा काय?

खाण्याचं सोपं आहे. किराण्याच्या बिलातून मुलांचं वेगळं काढत बसण्यापेक्षा स्टँडर्ड मील रेट, म्हणजे दर जेवणामागे ठरलेली रक्कम, वापरा. दर मुलामागे दिवसाला एक ब्रेकफास्ट, एक लंच, एक डिनर आणि तीन स्नॅक्सपर्यंत धरता येतं. पावत्या लागत नाहीत, पण कोणतं मूल कोणत्या दिवशी किती वेळ होतं आणि काय काय जेवलं याची नोंद लागते. मुलांच्या जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी फूड प्रोग्रॅममध्ये असाल तर मिळालेले पैसे उत्पन्नात दाखवायचे, स्वतःच्या मुलांपोटी मिळालेले सोडून. आणि स्वतःच्या मुलांचं खाणं खर्चात धरायचं नाही.

आता तारखांचं. पैसे ज्या वर्षी हातात आले त्या वर्षाचं उत्पन्न. ३० डिसेंबरला मिळालेला चेक जानेवारीत टाकला तरी तो याच वर्षाचा, जानेवारीची फी ॲडव्हान्स घेतली तर तीही याच वर्षाची. खर्चाचं बघा, ३१ तारखेला क्रेडिट कार्डावर घेतलेलं सामान याच वर्षात बसतं, बिल नंतर भरलं तरी. पण नवा फ्रिज किंवा पोरांचं मोठं प्लेसेट घेणार असाल तर ते ३१ च्या आत घरात येऊन वापरात पण यायला हवं. डे-केअरच्या कामाला गाडी वापरत असाल तर तिच्या मीटरचा ३१ तारखेला फोटो काढून ठेवा, २०२५ ला कामाच्या दर मैलाला ७० सेंट खर्चात धरता येत होते.

पालकांना वर्षाची एकूण रक्कम लिहून द्या आणि त्यांचा आकडा तुमच्या वहीशी जुळवा, कारण ते त्यांच्या रिटर्नमध्ये तुमच्या टॅक्स नंबरासकट तोच टाकणार आहेत. हा नंबर घ्यायला ते डब्ल्यू-१० फॉर्म मागतात, तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर द्यायला नको वाटत असेल तर ईआयएन, म्हणजे धंद्याचा वेगळा टॅक्स नंबर, काढा, आयआरएसच्या साइटवर फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स असतात, तिकडे जाऊ नका.

मदतीला कुणाला ठेवलं असेल तर ती व्यक्ती बहुतेक वेळा एम्प्लॉयीच ठरते. बाहेरच्या कंत्राटदाराला देतात तो १०९९ फॉर्म देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, पण पगारी माणसाचा डब्ल्यू-२ फॉर्म द्यावा लागतो, तोही जानेवारीअखेरपर्यंत.

आणि शेवटच्या तिमाहीचा ॲडव्हान्स टॅक्स १५ जानेवारीला असतो. नफा ४०० डॉलरच्या वर गेला की इन्कम टॅक्स सोडून १५.३% सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा लागतो, नव्या लोकांना हाच झटका बसतो. वर्षभर काही भरलंच नसेल, जॉइंट रिटर्न असेल आणि नवरा पगारी नोकरीत असेल तर त्याला डिसेंबरच्या पगारातून जास्तीचा टॅक्स कापायला सांगा. पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा भरल्यासारखा धरतात, त्यामुळे उशिराचा दंड बराच वाचू शकतो. यासाठी कंपनीत नवीन डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म, द्यावा लागतो, तेव्हा डिसेंबरचं पेरोल बंद व्हायच्या आत त्याच्या मागे लागा.