वेदीचित्रातलं उजवं नक्की कुणाचं?

वेदीचित्रं, म्हणजे चर्चमधल्या वेदीमागे लावलेली धार्मिक चित्रं, वाचायला शिकताना संतांच्या खुणा लवकर पाठ होतात. पीटरच्या किल्ल्या, कॅथरिनचं चाक, बार्बराचा मनोरा यांत कुणी फार अडत नाही. कोकरू तेवढं जपून: ते ख्रिस्ताला बाप्तिस्मा देणाऱ्या योहान बाप्तिस्त्याजवळ असतं, तसंच अग्नेसजवळही. खरी गोची उजव्या-डाव्यात होते.

उजवं म्हणजे चित्रातल्या ख्रिस्ताचं उजवं, आपलं नव्हे. फ्रान्समधल्या बोनच्या रुग्णालयासाठी रोगियर व्हान डर वेडनने रंगवलेला 'अंतिम न्याय' घ्या. लिलीचं फूल ख्रिस्ताच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे. तलवार दुसऱ्या बाजूला. तारलेले लिलीच्या बाजूने स्वर्गात, शापित तलवारीच्या बाजूने नरकात. टिपणात नुसतं 'उजवीकडे' लिहिलंत तर आठवड्याने तुमचं तुम्हालाच उलगडणार नाही, आणि निबंधात स्वर्ग-नरकाची अदलाबदल होईल. 'ख्रि. उ.' (ख्रिस्ताचं उजवं) आणि 'प्रे. उ.' (प्रेक्षकाचं उजवं) अशा दोन खुणा ठरवा. कंटाळा आला तरी प्रत्येक आकृतीपुढे लिहा.

नियम कळला की लगेच पुढची चूक: डावीकडचं सगळंच पापी वाटू लागतं. ग्र्यूनेवाल्डच्या इझेनहाइम वेदीचित्रात (१५१२–१६) क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या उजवीकडे मरिया, डावीकडे बाप्तिस्ता. तो पापी थोडाच? उजवी बाजू मानाची, एवढंच. शिवाय बाप्तिस्त्याचा शिरच्छेद क्रूसाआधीच झालेला. तो तिथे बोट दाखवत साक्षीला उभा आहे. तेव्हा प्रसंगाचा काळ जुळवत बसू नका.

प्रतीककोश आधी उघडू नका. पहिल्याच दिवशी चिन्हांची यादी हातात देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा कोऱ्या कागदावर चित्राचा मधला अक्ष, म्हणजे मधोमधची उभी रेषा, आखायला लावणारा बरा. ह्युगो व्हान डर गूसच्या पोर्तिनारी वेदीचित्रात बाळाजवळ गव्हाची पेंढी आहे. बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचं घर', हे कोशात सापडेल. पण हे चित्र वेदीवर होतं आणि त्याच्यासमोर धर्मगुरू मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) भाकर उचलून धरत असे, ते संग्रहालयाच्या भिंतीकडे बघून कळत नाही. वेदी मनाने खाली मांडावी लागते.

तुकड्यांना घाबरू नका. दुच्चोचं इटलीतल्या सिएनातलं मोठं वेदीचित्र 'माएस्ता' (१३०८–११) १७७१ मध्ये करवतीने कापलं गेलं. त्याचे काही फलक (रंगवलेल्या लाकडी फळ्या) लंडनला आहेत, काही वॉशिंग्टनला. बाजूच्या फलकावरचा एकटा संत समोर आला की आधी त्याचा चेहरा कुठे वळलाय ते पाहा. बहुतेक वेळा तो हरवलेल्या मध्याकडे वळलेला असतो, आणि तेवढ्यावरून त्याची बाजू ओळखता येते.