उसण भरलेला माणूस खाट सोडत नाही? आमच्याकडे हे लागू पडलं

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी जोरात असली की आमच्या आरोग्य उपकेंद्रात कंबर धरून येणारे वाढतात. घड उचलताना उसण भरते, माणूस आठवडाभर खाटेवर पडून राहतो आणि आणखी आखडून परत येतो: “एक्स-रे काढा, मणका सरकला असेल.” भिंतीवर तक्ता लावला, पत्रकं वाटली, ‘हालचाल ठेवा’ म्हणून बजावलं. घरी आई म्हणे पडून राहा, की संपलं. डोकं फिरायची वेळ आली होती.

आता क्रम ठरलाय. आधी विचारायचं: लघवी अडते का, नकळत होते का, बैठकीच्या जागी बधिर वाटतं का, पायातली ताकद गेली का, ताप, जोराचा मार, पूर्वी कॅन्सर? यातलं काही निघालं तर थेट रुग्णालय. नसेल तर पाठ हाताने नीट तपासायची. ही पायरी गाळली की पुढचं कोणी ऐकत नाही. मग सांगायचं, बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो, अशा दुखण्यात एक्स-रेने उपचार बदलत नाहीत. त्यानंतर उद्याचं काम ठरवायचं. ‘आराम’ हा शब्द मी टाळतोच. बांधापर्यंत चालणं, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवणं चालेल. घड सध्या दुसऱ्याने उचलावा. बरं वाटत असेल तर शेक.

शेवटी हे सगळं रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यायचं, घरच्या माणसासमोर. सोबत कोणी नसेल तर घरी फोन लावून, स्पीकरवर.