घरी की मिडवाइफच्या केंद्रात? ठरवण्याआधी हे विचारा

मी मिडवाइफ आहे, म्हणजे प्रशिक्षित सुईण. घरी किंवा मिडवाइफ चालवतात त्या केंद्रात बाळंत व्हायचंय म्हणत कुणी आली, की मी पहिल्याच भेटीत हॉस्पिटलला हलवण्याचा विषय काढते. तिला वाटतं, ही मला परावृत्त करतेय. तसं नाही. हलवायची सोय पक्की असली तरच मी निर्धास्तपणे हो म्हणते.

इंग्लंडमधल्या २०११ च्या 'बर्थप्लेस' अभ्यासात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना हलवावं लागलं. आधी मूल झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. सर्वांत मोठं कारण म्हणजे प्रसूती पुढे न सरकणं. पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका थोडा जास्त दिसला, केंद्रांत मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणून पहिल्या खेपेला मी केंद्रच सुचवते.

जुळी, पायाळू बाळ, आधीचं सिझेरियन, वाढलेलं बीपी, मधुमेह, खाली असलेली वार, सदतीस आठवड्यांआधीच्या कळा: यातलं काही असेल तर हॉस्पिटलच.

मग मिडवाइफला विचारा: रात्री गाडी कोण आणणार? हॉस्पिटलला आधी कळवणार कोण? तुम्ही सोबत याल ना? दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हजर असेल का? आणि बॅग उघडून दाखवायला सांगा. बाळाला श्वास देण्याचा मास्क आणि फुगा, रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन हवंच. ते इंजेक्शन थंड कुठे ठेवता, हेही विचारा. प्रश्नांनी चिडणारी मिडवाइफ नको.

बाळाचे ठोके कसे ऐकणार, तेही समजून घ्या. कळ ओसरली की लगेच, पूर्ण मिनिटभर, आणि एक बोट तुमच्या मनगटावर, म्हणजे आईची नाडी बाळाची समजली जात नाही. कळा जोरात सुरू झाल्यावर दर पंधरा मिनिटांनी, बाळ खाली ढकलताना दर पाच मिनिटांनी.

घरी मिडवाइफ येणं तुमच्या देशात कायदेशीर आहे का, हे लवकर तपासा. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये घरच्या बाळंतपणाच्या खटल्यात हंगेरीतल्या बाईच्या बाजूने निकाल दिला, २०१६ मध्ये चेक प्रजासत्ताकातले निर्बंध मात्र चालू दिले. केंद्राने नकार दिला तर वैद्यकीय कारण लेखी मागा, तुम्हाला तो हक्क आहे असं समजूनच मागा. आणि घरचं ठरलं तरी हॉस्पिटलात नाव नोंदवा, रक्तगट आणि तपासण्यांची फाइल दाराजवळच्या पिशवीत ठेवा.